घोळ

गुरुवारी संध्याकाळी, मगरिबच्या अजानीनंतर थोड्या वेळाने
बुदय्याच्या मळ्यातली पेटी येते.
केळ्यांच्या कुठल्याशा कंपनीचा जुना पुठ्ठा,
तळाला ओल धरलेला, कोपऱ्यात बोटभर माती.
महिन्याचे बारा दिनार आगाऊ,
आत काय असेल ते आपण विचारायचं नाही.
ते हज्जी मीर्झा ठरवतो,
किंवा त्याची विहीर,
किंवा त्या आठवड्यातला वारा.

डिसेंबरात मुळे आले. ओळीने चार गुरुवार मुळे.
कोशिंबीर, मग पराठे, मग पाल्याला डाळ लावून,
पाचव्या गुरुवारी प्रल्हाद पेटी न उघडताच
बाल्कनीत जाऊन उभा राहिला.
पेटीत गाजरं निघाली. दुतोंडी, तितोंडी,
पुंगीही होणार नाही अशी.
पण गोड.

शेपू आला तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघितलं.
अकरा वर्षांत पहिलं पूर्ण एकमत.
समोरच्या दारातल्या उम्म हानीकडे जुडीच्या जुडी दिली,
तिने दुपारी भातात घालून, वर सोललेल्या शेंगांचे हिरवे दाणे,
झाकलेलं ताट आणून ठेवलं.
प्रल्हादने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.
एकमत मोडलं.

मग वांगी.
जळगावची नव्हेत, ती हिरवी, पांढुरक्या रेघांची नव्हेत,
जांभळीच, पण काटे शाबूत, देठ ताजे.
आणि आमच्या फ्लॅटला विजेची शेगडी.
तांबड्या वर्तुळावर वांगं भाजत नाही,
नुसतं घामेजतं.
तशीच पिशवी घेऊन खाली गुलजमानच्या भट्टीवर गेले.
इथे फक्त रोटी, तो म्हणाला.
म्हटलं, बरं.
तरी उभी राहिले.
त्याने माझ्याकडे बघितलं, वांग्यांकडे बघितलं,
लांब सळईला एक टोचून तंदूरच्या पोटात सोडलं.
साल तडकलं, तो वास जिन्यापर्यंत आला,
रांगेतला एक सुदानी म्हातारा हसला, का ते कळलं नाही.
हिरवी मिरची, कांद्याची पात, कच्चं तेल, दाणे;
वाटीभर भरीत खाली नेऊन दिलं.
गुलजमानने गरम खुब्जचा तुकडा तोडून खाल्लं,
डोळे पुसले, बोलला काहीच नाही.
पुढच्या शुक्रवारी मी गेले नाही, ताप होता.
शनिवारी विचारत होता,
बैंगन नहीं आया?

एप्रिलच्या पेटीत सगळ्यात खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं,
लालसर मांसल देठांचं, गुबगुबीत पानांचं काहीतरी.
मला वाटलं, चुकून तण भरलं.
रफिकुलला फोन केला. बर्बीर, म्याडम, बहुत अच्छा.
एक पान तोंडात टाकलं.
आंबूस, किंचित चिकट.
ही तर घोळ.
कपाशीच्या ओळींत न पेरता येणारी,
निंदणीच्या बाया ओटीत भरून न्यायच्या ती,
आणि आम्ही मुली तिला पायाखाली तुडवत शाळेला जायचो ती.
'घोळ!' मी ओरडले.
आतून प्रल्हाद : काय घोळ झाला?
काही नाही. मुगाची डाळ भिजत घाल.

मेच्या मध्याला शेवटची पेटी.
चार काकड्या, लिंबं, एक लहान भोपळा,
आणि चिठ्ठी, एकाच शब्दाची : नवंबर.

आता सुपरमार्केटातून आणतो.
धुतलेलं, तोललेलं, एका मापाचं,
मुळे सरळ रेषेत.
रिकामा पुठ्ठा बाल्कनीत राहून गेला,
एसीचं पाणी ठिबकतं त्याच्या बरोबर खाली.

काल कपडे काढायला दार उघडलं,
तोंडावर भट्टीचा झोत,
जुलै, सत्तेचाळीस अंश.
पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात, त्या बोटभर मातीत,
तुटक्या देठाला कोंब.
लालसर. गुबगुबीत.
कुणी सांगितलं नव्हतं त्याला
नवंबरपर्यंत थांब म्हणून.

जपावं, कुंडीत लावावं, असं आलं मनात.
पण वरण उकळत होतं.
सात पानं निघाली.
देठ तेवढा परत खोचून ठेवला.